न्यूफाउंडलंड : सील, कॉड आणि एकात एक गुंतलेली दोन भांडणं

पहिला दिवस : सेंट जॉन्स

न्यूफाउंडलंड हे कॅनडाच्या पूर्व टोकाचं बेट, आणि सेंट जॉन्स हे तिथलं मुख्य शहर. इथली दोन भांडणं : समुद्रातल्या सील या सस्तन प्राण्याची शिकार क्रूर आहे का, आणि सीलांनीच इथला कॉड मासा संपवला का. जूनमध्ये सेंट जॉन्सला उतरणाऱ्याचं स्वागत धुकं करतं. तापमान सात-आठ अंश, झिरमिर पाऊस, आणि बंदराचं तोंड दिसेल न दिसेल असं. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या बाकी प्रांतांपेक्षा इथलं घड्याळ अर्धा तास पुढे चालतं. उन्हाळ्यात भारताशी फरक बरोबर आठ तासांचा, त्यामुळे घरी फोन करायला हिशेब सोपा.

गावात सीलबद्दल वाचायचं, बघायचं असेल तर सुरुवात 'द रूम्स' या संग्रहालयापासून करावी. टेकडीवरची इमारत मासे वाळवायच्या जुन्या खोपट्यांच्या आकाराची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही हंगामांत पाच लाखांवर कातडी या बेटावर आली. दिव्यांना तेल लागायचं, ते सीलच्या चरबीतून निघे. कातडं तेव्हा दुय्यम होतं, आज तेच मुख्य.

सील म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्याशुभ्र पिल्लाचा फोटो येतो. म्हणून इथली वर्गवारी आधीच समजून घेतलेली बरी. हार्प सीलची मादी फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये समुद्रावरच्या बर्फावर विते. पिल्लू जन्मतः साधारण ११ किलोचं. आईच्या दुधात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यामुळे बारा दिवसांत ते ३५ किलोपर्यंत जातं, आणि मग आई त्याला सोडून निघून जाते. हा पांढरा टप्पा म्हणजे 'व्हाइटकोट'. केस गळायला लागले की 'रॅगेड जॅकेट'. साधारण २५ दिवसांनी करडी, काळ्या ठिपक्यांची कातडी आली की 'बीटर'. व्यापारी शिकार होते ती बीटरची. व्हाइटकोटची व्यापारी शिकार कॅनडाने १९८७ पासून बंद केली आहे. सील-शिकारीच्या विरोधकांच्या पत्रकांवर तो पांढरा फोटो पुढेही वर्षानुवर्षं छापला गेला, ही त्यांची कमजोर बाजू. पण बीटर म्हणजे मोठं झालेलं जनावर, असं शिकारवाले सुचवतात तेही खरं नाही. शिकारीच्या वेळी त्याचं वय एक ते तीन महिने असतं. पोहायला नुकतं शिकलेलं पिल्लूच ते.

संध्याकाळी वॉटर स्ट्रीटवर सीलच्या कातड्याचे हातमोजे आणि बूट दुकानांत टांगलेले दिसले. हात फिरवून बघायला कुणी हरकत घेत नाही. हार्प सीलच्या केसांखाली मऊ लोकरीचा थर जवळजवळ नसतो, ऊब चरबीतून येते. म्हणून कातडं एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने खरखरीत लागतं. खाली दाट लव लागली तर ते हार्प सीलचं नाही. (विकत घ्यायचा मोह झाला तर लेखाच्या शेवटाशी दिलेलं आधी वाचा.)

दुसरा दिवस : एलिस्टन

ट्रान्स-कॅनडा महामार्गाने क्लॅरेनव्हिल, तिथून २३० नंबरचा रस्ता पकडून बोनाव्हिस्टा द्वीपकल्पावर. एकूण साडेतीन तास, थांबत गेलं तर पाच. सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. मूस नावाचं उंच सांबर रस्त्यात उभं असतं, त्याचे पाय इतके लांब की धडकेत त्याचं धड थेट काचेवर येतं.

एलिस्टनमध्ये दोन गोष्टी आहेत. पहिली पफिन. गाडी लावून पाच-दहा मिनिटं चाललं की कड्यासमोरच्या खडकावर शेकडो पक्षी, मध्ये फक्त अरुंद पाणी. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावं. आखलेल्या रेषेपुढे पाऊल टाकू नये, कारण काठाची माती त्यांच्या बिळांनी पोखरलेली असते. मुकाट बसलं तर पक्षी या बाजूलाही येऊन बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे २०१४ मध्ये उघडलेलं सील-शिकाऱ्यांचं केंद्र. विषय १९१४ चा. 'न्यूफाउंडलंड' जहाज बर्फात अडकलं. कप्तान वेस्टबरी कीनने माणसं चालत बापाच्या, म्हणजे एब्रम कीनच्या 'स्टेफानो' जहाजाकडे पाठवली. एब्रमने त्यांना जेवू घालून शिकारीला बर्फावर उतरवलं आणि तिथून आपल्या जहाजावर परत जा म्हणाला. वादळ आलं. बापाला वाटलं माणसं पोराच्या जहाजावर पोचली, पोराला वाटलं बापाकडे मुक्कामाला आहेत. विचारायची सोय नव्हती, कारण 'न्यूफाउंडलंड'वरचं बिनतारी यंत्र मालकांनी आधीच काढून टाकलं होतं. त्याने शिकार वाढत नाही, हा हिशेब. १३२ माणसं दोन रात्री उघड्या बर्फावर राहिली, ७८ गेली. त्याच वादळात 'सदर्न क्रॉस' हे जहाज १७० हून अधिक माणसांसकट नाहीसं झालं. केंद्राजवळ रूबेन क्रू आणि त्याचा मुलगा अल्बर्ट जॉन यांचा पुतळा आहे. बाप-लेक गोठलेले सापडले तसेच, मिठीत.

इथे आल्यावर एक उमजतं. या गावांना सील-शिकारीविरुद्धची मोहीम आपल्या आजोबांविरुद्धची वाटते, आणि त्या रागाच्या भरात 'मारतात कसं' हा प्रश्न बाजूलाच राहतो. तो प्रश्न नियमावलीतून नीट बघण्यासारखा आहे.

क्रम तीन पायऱ्यांचा. पहिली पायरी, बेशुद्ध करणं : डोक्याच्या वरच्या भागावर गोळी किंवा घाव. रायफलच्या गोळीचा वेग नळीतून सुटताना सेकंदाला किमान १८०० फूट आणि ऊर्जा ११०० फूट-पाउंड हवी. हाकापिक हे हत्यार म्हणजे लाकडी दांड्याला बसवलेलं किमान ३४० ग्रॅमचं लोखंडी डोकं. दांडा १०५ ते १५३ सेंटिमीटर, एका बाजूला १४ सेंटिमीटरपर्यंतचा किंचित वाकडा सुळा, दुसऱ्या बाजूला बोथट उंचवटा. घाव बोथट बाजूने घालायचा. सुळा आहे कलेवर ओढायला आणि बर्फावर पाय घसरला तर रोवायला. वर्षाहून मोठ्या सीलवर आधी हाकापिक वापरता येत नाही, गोळीच हवी.

दुसरी पायरी तपासणी. बोटांनी कवटी चाचपायची, दोन्ही अर्धी चुरडलेली लागली पाहिजेत. पूर्वी डोळ्याला स्पर्श करून पापणी मिटते का ते बघत. चुरडलेली कवटी हाताला लागली की शंका उरत नाही. सील मेल्यावरही पोहल्यासारखी शेपटी हलवतं, ती निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. विरोधकांच्या चित्रफितींतली काही 'जिवंत सोलतायत' अशी दृश्यं याच हालचालीची आहेत. काही, सगळी नव्हेत.

तिसरी पायरी रक्त काढणं. पुढच्या दोन वल्ह्यांखालच्या (सीलचे चपटे पाय म्हणजे वल्ही), म्हणजे काखेतल्या, दोन्ही धमन्या कापायच्या आणि किमान एक मिनिट थांबायचं. त्याआधी कातडं सोलायचं नाही.

कागदावर हे बहुतेक कत्तलखान्यांपेक्षा कडक आहे. बिघडतं ते समुद्रावर. शिकारीचा बहुतांश भाग बेटाच्या ईशान्येला, ज्याला 'फ्रंट' म्हणतात तिथे, एप्रिलमध्ये होतो, आणि तो लहान बोटींवरून रायफलने. बोट हलते, सील बर्फाच्या ज्या लादीवर आहे ती लादीही लाटेवर वर-खाली होते, आणि निशाणा केवळ डोक्याएवढा. गोळी जबड्याला किंवा मानेला लागली तर सील कडेवरून पाण्यात घसरतं. त्याला इथे 'मारलं पण हरवलं' म्हणतात. ते कुठल्याच कवटी-तपासणीत येत नाही. शिवाय नेमबाज बोटीवर आणि जखमी सील लादीवर. लादी पातळ असली तर माणूस उतरवता येत नाही, मग तपासणी सील डेकवर ओढल्यावर होते. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत जी मिनिटं जातात, सगळं भांडण त्या मिनिटांचं आहे.

म्हणूनच दोन अभ्यास एवढे वेगळे निघाले. प्राणिकल्याण संस्थेने नेलेल्या पशुवैद्यांनी २००१ मध्ये बर्फावरच्या ७६ कवट्या तपासल्या. ४२ टक्क्यांमध्ये बेशुद्धीची खात्री देण्याजोगी इजा त्यांना आढळली नाही. कॅनडातल्या पशुवैद्यांचा २००२ मध्ये छापून आलेला अभ्यास म्हणतो, ९८ टक्के सील योग्य रीतीने मारले गेले. पण त्यांनी पाहिली ती प्रामुख्याने बोटीवर आणलेली कलेवरं. दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. आकडा वाचण्याआधी तो कुठल्या सीलांचा, हे विचारायला हवं.

ही शिकार प्रवाशाला बघता येत नाही. परवान्याशिवाय शिकाऱ्यापासून एका सागरी मैलाच्या आत जाणं गुन्हा आहे. 'सील-शिकार दाखवतो' असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

तिसरा दिवस : ट्विलिंगेट

गॅन्डरवरून उत्तरेला, पाच तासांचा पल्ला. हिमनग जूनमध्ये अजून असतात. बोटीच्या सहलीचं आरक्षण करा, पण वारा असेल तर रद्द होणार हे धरूनच चला.

मुक्काम एका घरगुती लॉजमध्ये होता. मालकीणबाईंच्या डीपफ्रीझरमध्ये एप्रिलमधली सीलची वल्ही होती. 'फ्लिपर पाय' कसा करायचा हे त्यांनी करून दाखवलं. वल्ही थंड पाण्यात, त्यात मोठा चमचाभर खायचा सोडा, अर्धा तास. सोड्याने चरबी पांढरी पडते, म्हणून दिसते. मग ती सगळी, अगदी सगळी, सुरीच्या टोकाने काढायची. हेच काम किचकट, आणि आळस केला तर पूर्ण पदार्थाला जुन्या मासळीच्या तेलाचा वास येतो. नंतर मीठ-मिऱ्याच्या मैद्यात घोळवून खारवलेल्या डुकराच्या चरबीत लालसर परतायची, कांदा आणि थोडं पाणी घालून ओव्हनमध्ये मंद आचेवर दोन-तीन तास. मांस सुटायला लागलं की गाजर, सलगम, बटाटा, आणि शेवटी वरून मैद्याची पोळी लावून ती खरपूस होईपर्यंत भाजायची. मांस जवळजवळ काळं असतं, कारण सील पाण्याखाली लागणारा प्राणवायू स्नायूंतच साठवतं. चव लोखंडी, कलेजीच्या बाजूची.

शाकाहारी मंडळींनी इथे तळलेल्या पिठाचे 'टाउटन' काकवीबरोबर मागवावेत, पण कशात तळलेत ते विचारून. बरेचदा डुकराच्या चरबीत. वाटाण्याचं पुडिंगही खारवलेल्या मांसाबरोबरच शिजतं. बेकॲपल या इथल्या रानबेरीचा मुरांबा निर्धोक.

धक्क्यावर खेकड्यांच्या बोटी लागल्या होत्या. सील मारणारे आणि खेकडे धरणारे कोळी तेच. सीलमधून मिळतात ते हंगामाआधीचे काही आठवड्यांचे पैसे. २००६ मध्ये चांगल्या बीटर कातड्याला १०० डॉलरच्या आसपास भाव होता, २००९ मध्ये पंधराच्या आसपास उरला. त्याच वर्षी युरोपीय संघाने सीलच्या मालावर बंदीचा कायदा केला, आर्क्टिकमधल्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांच्या शिकारीला सूट ठेवून. कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०१४ च्या अपिलात निकाल लागला : लोकांच्या नैतिक भावनांसाठी बंदी घालता येते, पण ज्या रीतीने सूट दिली ती भेदभावाची आहे. युरोपने सूट दुरुस्त केली, बंदी ठेवली. सूट असूनही इन्युइट शिकाऱ्यांच्या कातड्यांचा बाजार बसलाच. गिऱ्हाईक 'सील नको' एवढंच लक्षात ठेवतं, ते कुणी मारलं हे नव्हे. २०१४ मध्ये ग्रीनपीस कॅनडा या पर्यावरण संस्थेने सील-शिकारीविरुद्धच्या आपल्या जुन्या मोहिमेमुळे इन्युइटांचं जे नुकसान झालं त्याबद्दल माफी मागितली, तेव्हा पस्तीसेक वर्षं उलटली होती.

आणि धक्क्यावरचं ठरलेलं वाक्य : 'सीलांनी कॉड खाल्ला.' इथपासून दुसरं भांडण सुरू होतं. २ जुलै १९९२ ला कॅनडाचे मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद केली, आणि सुमारे ३० हजार माणसांचं काम एका दिवसात गेलं. पण त्याआधीचं बघायला हवं. १९६८ मध्ये, मुख्यतः परदेशी कारखाना-जहाजांनी, या एका साठ्यातून आठ लाख टन कॉड उपसला होता. तेव्हा सील कमी होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हार्प सीलांची संख्या अठरा-वीस लाखांपर्यंत घसरलेली होती. मालवणात रापणवाल्यांचा पर्ससीनवाल्यांवर जो राग, तो इथल्या जुन्या कोळ्यांचा त्या जहाजांवर आहे. फक्त ती जहाजं निघून गेली आणि सील समोर दिसतात.

चौथा आणि पाचवा दिवस : पोर्ट ओ श्वा

ट्विलिंगेट ते डियर लेक दिवसभराची गाडी. तिथून ४३० नंबरचा रस्ता ग्रोस मॉर्न राष्ट्रीय उद्यानातून उत्तरेला. पेट्रोल पंप दिसेल तिथे टाकी भरा. माश्या चावतात, डोक्यावरून घ्यायची जाळी ठेवा.

सगळ्या सहलीत ही जागा सर्वांत मोलाची. चुनखडीच्या उजाड किनाऱ्यावरून तासाभराची चाल, वाटेत कॅरिबू, म्हणजे रेनडिअर, दिसू शकतात, आणि मग एकदम हिरवीगार कुरणाची पट्टी : फिलिप्स गार्डन. हिरवी का, तर शेकडो वर्षांच्या सीलच्या हाडा-मांसाचं खत तिथे मुरलं आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वीपासून डॉर्सेट नावाचे प्राचीन शिकारी लोक इथे हार्प सीलसाठी येत. गवतात गोलसर खळगे दिसतात, ती त्यांची घरं. मेमोरियल विद्यापीठाच्या प्रिसिला रेनॉफ यांनी १९८४ पासून इथे उत्खनन केलं. ही वस्ती साधारण १३०० वर्षांपूर्वी का उठली याचं त्यांचं उत्तर असं : हवा तापली, समुद्रबर्फ आणि त्यावर येणारे सील यांचा भरवसा राहिला नाही.

आजची पर्यावरणाची खरी चिंता तीच आहे, आणि दोन्ही पक्ष ती ओझरती उल्लेखतात. मादीला पिल्लू वाढवायला जवळपास दोन आठवडे टिकणारा बर्फ लागतो. २०१० आणि २०११ मध्ये बर्फ नीट जमला नाही. अशा वर्षी लादी वेळेआधी फुटते आणि चरबी न धरलेली पिल्लं बुडतात. २०१९ सालासाठीचा अंदाज ७६ लाख हार्प सीलांचा होता. नंतरच्या आढाव्यात तो बराच खाली आणावा लागला. वर्षाचा शिकारीचा कोटा चार लाखांचा असतानाही अलीकडच्या बहुतेक वर्षांत त्याच्या निम्मेही सील मारले गेलेले नाहीत, तेव्हा ही घट बंदुकीच्या माथी मारता येत नाही. तसंच 'सील संपत चाललेत' ही विरोधकांची ओळही हार्प सीलला लागू पडत नाही.

मग कॉडचं काय? सीलच्या पोटातून कॉड किती निघतो हे मोजायची पद्धत म्हणजे पोटातले कानखडे शोधणं, माशाच्या कानातले हाडासारखे बारीक खडे. त्यात दोन गोची आहेत. खडे आम्लात झिजतात. आणि सील मोठ्या कॉडचं कधीकधी नुसतं पोट चावून खातं, डोकं टाकून देतं, मग खडा पोटात जातच नाही. या चुका धरूनही कॅनडाच्या मत्स्य विभागाच्या शास्त्रज्ञांचा उत्तरेकडच्या कॉडबद्दलचा निष्कर्ष असा, की त्याचं खाली-वर होणं आधीची मासेमारी आणि कॅपलिन मासळीचं प्रमाण यांनी ठरतं, हार्प सीलचा परिणाम त्यामानाने दिसत नाही. कॅपलिन हे कॉडचं मुख्य खाणं. हार्प सीलही तेच खातं, शिवाय हेरिंग मासा खातं. आणि हेरिंग कॉडची अंडी-पिल्लं खातं. सील कमी केले की कॉड वाढेल, हे गणित इतकं सरळ नाही.

पण पोर्ट ओ श्वा ज्याच्या काठी आहे त्या सेंट लॉरेन्स आखाताच्या दक्षिण टोकाला गोष्ट उलटी आहे. तिथला आरोपी हार्प नव्हे, ग्रे सील. हा प्राणी वेगळा : वजनाला दुप्पट, जानेवारीच्या सुमारास अटलांटिकमधल्या सेबल बेटाच्या वाळूवरही पिल्लं घालणारा, बर्फावर फारसा न अवलंबणारा. साठच्या दशकात काही हजार होते, आज साडेतीन लाखांच्या घरात. दक्षिण आखातात मासेमारी थांबूनही मोठा कॉड मरतच राहिला, आणि त्याचं मुख्य कारण ग्रे सील आहे असं मत्स्य विभागाचं म्हणणं आहे. हिवाळ्यात कॉड जिथे दाटीने जमतो तिथेच ते शिकार करतात. साठा इतका लहान झालाय की थोडे सीलही त्याला भारी पडतात. २०१२ मध्ये कॅनडाच्या सिनेट समितीने चार वर्षांत ७० हजार ग्रे सील मारायची शिफारस केली. ती अमलात आली नाही.

ग्रे सीलचा आणखी एक उपद्व्याप मासळी कारखान्यात दिसतो. त्याच्या पोटातल्या जंताची अळी कॉडच्या मांसात शिरते. खालून प्रकाश सोडलेल्या पांढऱ्या काचेच्या टेबलावर फिले, म्हणजे काटे काढलेले माशाचे काप, पसरतात, तपकिरी गुंडाळी दिसली की सुरीने किंवा चिमट्याने काढतात. मासा पुरता शिजवला की अळी मरते. घरी आणलेला कॉड उजेडासमोर धरून बघावा.

थोडक्यात, दक्षिण आखातात ग्रे सील कमी करण्याच्या बाजूने कॉडचा मुद्दा मांडता येतो, आणि तिथेही मारलं कसं हा प्रश्न सुटत नाही. फ्रंटवरच्या हार्प-शिकारीला कॉडचा मुद्दा लावणं मात्र मला पटलं नाही. ती शिकार मांस, तेल, कातडं आणि कामासाठी आहे, आणि तेवढंच म्हणून तिचं समर्थन केलं तर ते जास्त प्रामाणिक ठरेल. एक म्हणतो पिल्लाला यातना झाल्या, दुसरा उत्तर देतो समुद्रात सील फार झालेत. एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचं हे उत्तर नव्हेच.

सहावा दिवस : डियर लेकहून परत

विमानतळ लहान, टोरंटो किंवा हॅलिफॅक्समार्गे पुढे. भाड्याची गाडी सेंट जॉन्सला घेऊन इथे सोडली तर जादा आकार पडतो, आरक्षणावेळीच विचारून घ्या.

आता ते हातमोजे. अमेरिकेत सीलच्या वस्तू आणायला १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने मनाई आहे. नुसतं विमान बदलायला न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरलात तरी जप्त होऊ शकतात, म्हणून परतीचं तिकीट अमेरिकेमार्गे असेल तर घेऊच नका. युरोपात स्वतःच्या वापरापुरत्या वस्तूला सवलत आहे, विकायला नाही. भारतानेही २०१८ मध्ये सीलच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली आहे. तेव्हा मुंबईला परतणाऱ्याने दुकानात हात फिरवून मोजे परत ठेवावेत. ओमेगा-३ च्या गोळ्या घेत असाल तर बाटलीवर सीलचं तेल आहे का तेही वाचा, इथे ते सर्रास असतं आणि अमेरिका-युरोपचे नियम त्यालाही लागतात. बेकॲपलचा मुरांबा खुशाल घ्या, पण चेक-इनच्या बॅगेत.